उत्तरासाठी सोडलेली जागा

सप्टेंबर आला की दोह्यात माझा चष्मा दिवसातून कितीदा तरी आंधळा होतो. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की काचांवर वाफ धरते, समोरचं सगळं पुसलं जातं आणि मी ओढणीचं टोक शोधत दारात उभी राहते. फरीज बिन ओमरानमधल्या आमच्या इमारतीच्या खिडक्या सकाळी बाहेरून ओल्या असतात. नवीन आलेल्यांना वाटतं, पाऊस पडून गेला. पाऊस कसला, हवेलाच घाम फुटलेला असतो. सुहैल तारा दिसला की उन्हाळा वळतो, असं इथले जुने लोक सांगतात. हवा वळत असेल, माझा राग वळत नाही. शाळा उघडतात, वह्यांना कव्हरं घालायची असतात, बाजारात ओल्या खजुराचे शेवटचे घोस लटकत असतात, घराघरांत गणपतीची तयारी चालू होते, आणि मी दाभाडेवर, माझ्या जुन्या साहेबावर, दात खायला लागते.

यंदा त्यात भर पडली. सुनीलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चहा पिता पिता सांगितलं, "दाभाडे चाललेत. कायमचे. पुण्याला. गुरुवारी सेंड-ऑफ आहे, आपल्याला बोलावलंय."

"मी येणार," मी म्हटलं. "आणि बोलणार."

त्याने कप खाली ठेवला. "अगं, सेंड-ऑफला कुणी भांडतं का?"

"मग कधी भांडू? तो विमानात बसल्यावर?"

इरा, आमची मुलगी, फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आई, लेट इट गो ना. इट्स बीन एजेस." हिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. सोडून दे म्हणायला काय जातं? सोडायला आधी ते माझ्या एकटीचं तरी हवं. त्यात ग्रेसचा वाटा आहे.

ग्रेस युगांडाची. उत्तरेकडच्या एका लहान गावातली. तिथल्या रेडिओवर निवेदिका होती, मग दोह्यात आली. मी नाशिकला शाळेत गणित शिकवायचे, मग लग्न करून दोह्यात आले. आम्हा दोघींना एकत्र आणलं ते एका संस्थेच्या कामाने. आफ्रिकेतल्या खेड्यांत शाळा सुटल्यावर मुलांची अभ्यासमंडळं भरायची, त्यांना तिथे क्लब म्हणत. शिक्षक थोडे, पुस्तकं त्याहून थोडी. म्हणून प्रत्येक क्लबला उन्हावर चालणारा एक रेडिओ द्यायचा आणि तिथल्या जवळच्या केंद्रावरून ठरलेल्या दुपारी गणिताचा धडा लावायचा, अशी कल्पना होती. धडे मी सोप्या इंग्रजीत लिहायचे, आवाज ग्रेसचा. मुलं तिला रेडिओमॅडम म्हणायची. या सगळ्यावर साहेब म्हणून दाभाडे.

आमचा स्टुडिओ म्हणजे ऑफिसच्या तळघरातली सामानाची खोली. भिंतींवर आवाज घुमायचा, म्हणून आम्ही दोघी सूक वाकिफच्या जुन्या बाजारात जाड लोकरी पट्ट्या घ्यायला गेलो. तंबूत लावतात तशा, लाल-काळ्या. ऐन सप्टेंबरात लोकर मागणाऱ्या दोन बायका पाहून दुकानदार इतका हसला की त्याने करक मागवला. वेलदोड्याचा तो दाट चहा पीत आम्ही भाव केला आणि पट्ट्या टॅक्सीत कोंबून आणल्या. त्यांना शेळीचा वास होता. ग्रेस नाक खुपसून म्हणाली, "होम!" मला तो वास सोसवत नसे, पण नंतर नंतर तो नसला की धडा सुचेना.

रेकॉर्डिंग सुरू झालं की एसी बंद. त्याची घरघर आवाजात यायची. पॅन्ट्रीतला फ्रिजही बंद, कारण तो भिंतीपलीकडून गुणगुणायचा. वरच्या मजल्यावरच्यांचं दही आंबायचं आणि शिव्या आम्हाला बसायच्या. ग्रेस चपला काढून अनवाणी उभी राहायची, घाम हनुवटीवरून कागदावर टपकायचा, अक्षरं फुटायची. ती फुटलेली अक्षरंसुद्धा ती अशी वाचायची की ऐकणाऱ्याला वाटावं, ही बाई आत्ताच नदीवर अंघोळ करून आलीय.

त्या धड्यांत सगळ्यात मोलाचं काय होतं, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. सगळ्यात मोलाची होती ती मोकळी जागा. मॅडम विचारायची, "घेवड्याच्या बिया पाच-पाचच्या तीन ओळींत मांडा. किती झाल्या?" आणि मग गप्प व्हायची. त्या गप्प वेळात तिकडे आंब्याखाली बसलेल्या मुलांनी बिया मांडायच्या, मोजायच्या, एकमेकांकडे बघायचं आणि ओरडून उत्तर द्यायचं. मग मॅडम म्हणायची, "शाब्बास, पंधरा!" मुलांना वाटायचं, हिने आपलं ऐकलं. रेडिओला कान नसतात हे त्यांना ठाऊक होतं. तरी वाटायचं.

ही जागा केवढी सोडायची, हे घड्याळावर ठरत नसे. ती ग्रेस ठरवायची. प्रश्न विचारला की ती डोळे मिटायची आणि गावाकडची एखादी सगळ्यात सावकाश मुलगी मनात आणायची. त्या मुलीने प्रश्न ऐकला. तिला तो कळला. तिने बिया मांडल्या, एक घरंगळली, ती उचलली. मोजलं. शेजारणीकडे पाहिलं. लाजली. मग तोंड उघडलं. एवढं सगळं ग्रेसच्या चेहऱ्यावर होऊन जायचं, ओठ हलायचे, बोटं हलायची, आणि मग तिचे डोळे उघडले की पुढचं वाक्य. मी समोर बसून तो चेहरा बघायचे. नाशिकच्या शाळेत इतकी वर्षं मी फळ्याकडे तोंड करून "किती? किती? पंधरा!" असं स्वतःच विचारून स्वतःच सांगत आले होते, पण वर्गात निदान वळून बघता यायचं. रेडिओला वळता येत नाही, म्हणून त्याला थांबावं लागतं.

महिन्याभराने तिकडून क्लबची रेकॉर्डिंग येऊ लागली. तिथल्या कार्यकर्त्याने फोनवर केलेली, खरखरीत. कोंबड्या, सायकलची घंटा, पत्र्यावर काहीतरी पडल्याचा आवाज, कुणाचं तरी तान्हं रडतंय, आणि या सगळ्यातून ग्रेसचाच आवाज तिकडे जाऊन, रेडिओतून निघून, पुन्हा आमच्याकडे आलेला. ती विचारते, किती? आणि मोकळ्या जागेत एकदम गलका: "फिफ्टीन, मॅडम!" पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आम्ही दोघी त्या शेळीच्या वासात उभ्या राहून नाचलो. खरंच नाचलो. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बघायला आलं.

एका क्लबच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांचं उत्तर देऊन झालं की मागून एकच बारीक आवाज यायचा. "...फिफ्टीन." प्रत्येक वेळी उशिरा, प्रत्येक वेळी बरोबर. ग्रेसने तो आवाज परत परत लावला आणि म्हणाली, "शी इज कमिंग. शी इज ऑन द वे." त्या दिवसापासून आम्ही जागा आणखी थोडी वाढवली, त्या एका पोरीसाठी. मला आजही तिचं नाव माहीत नाही.

आता दाभाडेबद्दल. माणूस नीटनेटका. कडक इस्त्री, मंद अत्तर, सगळ्यांशी गोड. आवडता शब्द 'क्रिस्प'. ईमेल क्रिस्प हवा, मीटिंग क्रिस्प हवी, बोलणं क्रिस्प हवं. मी तेव्हापासून घरात बटाट्याचे वेफर्स आणत नाही, इतका तो शब्द माझ्या डोक्यात गेलाय.

संस्थेच्या बड्या मंडळींना धडा ऐकवायची मीटिंग होती. वरच्या मजल्यावरची खोली, हुडहुडी भरेल असा एसी, लांबलचक टेबल, सुटातली माणसं. लॅपटॉपवर धडा लावला. ग्रेसने विचारलं, "किती झाल्या?" आणि गप्प झाली. त्या टेबलाभोवती कोण उत्तर देणार? कुणी खोकलं, कुणी फोन पाहिला, कुणी पेनाचं टोपण उघडलं-मिटलं. मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं होतं, अहो, ही तुमची पाळी आहे! पण मी ओरडायच्या आत दाभाडे उठला. त्याला वाटलं, लॅपटॉप अडकला. त्याने जाऊन दोनदा त्याच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात ग्रेस म्हणाली, "शाब्बास!" आणि सगळं टेबल हसलं.

ते हसणं त्याच्या जिव्हारी लागलं. बाहेर येऊन मला म्हणाला, "हे काय चाललंय? मध्येच रेडिओ मेल्यासारखा वाटतो. डेड एअर! कोण ऐकणार असलं? काढून टाका त्या जागा."

"सर, त्या जागा मुलांसाठी आहेत. तिथेच ती शिकतात."

"मॅडम, इट हॅज टू बी क्रिस्प."

"तुम्ही ऐकणारे नाही आहात, सर. ऐकणारे तिकडे आहेत."

मी हे बोलले, आणि आजही मला त्यातला एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही. त्याने हसून मान हलवली. मला वाटलं, पटलं.

गणपतीला मी नाशिकला गेले. उकडीचे मोदक, आरत्या, माहेरची माणसं, सगळं यथासांग करून परत आले तर आमचं रेकॉर्डिंग करणाऱ्या तंत्रज्ञाने नजर चुकवली. माझी पाठ वळताच दाभाडेने सगळ्या धड्यांतल्या सगळ्या मोकळ्या जागा कापून घेतल्या होत्या, आणि ते धडे तिकडे पाठवूनही झाले होते. मूळ रेकॉर्डिंग पुसलेली. ग्रेसलाही पत्ता नव्हता. ती त्या दिवशी नवीन धडा वाचायला पाण्याची बाटली घेऊन आली होती. मी सांगितलं, तेव्हा ती लोकरी पट्टीला टेकून खाली बसली आणि बाटलीचं झाकण फिरवत राहिली.

पुढचं रेकॉर्डिंग आलं ते आम्ही एकत्र ऐकलं. "किती झाल्या? शाब्बास, पंधरा! आता दोन ओळी काढून घ्या. किती उरल्या? शाब्बास, पाच!" मुलं धावत होती मागून. "फिफ..." म्हणेतो मॅडम पुढे निघून गेलेली. गलका सुरू व्हायचा आणि तिच्याच आवाजाखाली चिरडला जायचा. त्याच्या पुढच्या रेकॉर्डिंगमध्ये त्यांनी धावणंही सोडलं होतं. नुसत्या कोंबड्या. रेडिओमॅडम एकटीच विचारत होती, एकटीच शाब्बास म्हणत होती, कुणाला कोण जाणे. तो उशिराचा बारीक आवाज मी कान लावून शोधला. नव्हता. ग्रेस म्हणाली, "माझ्याच तोंडाने त्याने तिला गप्प केलं." ती हे इंग्रजीत म्हणाली होती, पण माझ्या मनात ते मराठीतच बसलंय.

क्लब ओसरले. मुलं येईनाशी झाली. आढावा बैठकीत दाभाडेने शांतपणे सांगितलं की मजकूर कमकुवत होता आणि आवाजात उत्साह नव्हता. मजकूर मी, आवाज ग्रेस. माझं कंत्राट संपलं तर मी घरी बसले, नवऱ्याच्या व्हिसावर. ग्रेसचं संपलं तर तिला देश सोडावा लागला. विमानतळावर तिच्या दोन बॅगा आणि एक गुंडाळी होती. लोकरी पट्टी. ती तिने चक्क उचलून आणली होती. मी रडत होते आणि ती मला समजावत होती, "खलास, माय डिअर. यल्ला, गो होम." आत जाताना मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही. आता ती गावच्या शाळेत शिकवते. रेडिओचं नाव काढत नाही.

तेव्हापासून मी सूड उगवते आहे. म्हणजे मनातल्या मनात. भांडी घासताना, इराला शाळेतून आणताना, सिग्नलला थांबल्यावर. मी त्याला मोठ्या सभेत उभा करते, ते रेकॉर्डिंग लावते, कोंबड्या ऐकवते, आणि तो खाली मान घालतो. मग ते पुरत नाही म्हणून आणखी मोठी सभा भरवते. प्रत्यक्षात माझ्या हातात फक्त मोदक होते. दरवर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत वाढायला मीच असते, आणि फुटलेला, गूळ सांडलेला मोदक मी मोठ्या काळजीने दाभाडेच्या ताटात वाढते. तो चवीने खातो आणि म्हणतो, "वहिनी, अजून एक चालेल." मी त्याला दुसराही फुटकाच शोधून देते. हसू नका. माणसाला जेवढं जमतं तेवढा सूड तो घेतो.

आणि आता तो चालला होता. कायमचा. मी ग्रेसला कळवलं. तिचा आवाज आला फोनवर, मागे कोंबडा आरवत होता. "डोन्ट बी पोलाइट," ती म्हणाली. "से माय पार्ट ऑल्सो." इतक्या वर्षांनी तिने तो विषय काढला, आणि एवढंच मागितलं. तिच्या वाटचंही त्याच्या तोंडावर बोलायचं. गुरुवार चुकला तर पुढे संधी नाही.

इथे कुणीच कायमचं नसतं. कंत्राट संपतं, वय होतं, कंपनी बुडते, आणि माणूस सामान बांधतो. त्यामुळे सेंड-ऑफ हा आमच्या लोकांत लग्नकार्याइतका पक्का विधी आहे. शाल, नारळ, काचेच्या पेटीत एक छोटं गलबत, आणि माइक. माइक हातोहात फिरतो, प्रत्येकाने दोन चांगले शब्द बोलायचे. वाईट बोलायचं नाही. जाणारा कसाही असो, चहाडखोर असो, कंजूष असो, त्या संध्याकाळी तो देवमाणूस असतो. मीही आजवर किती जणांना देवमाणूस केलंय, त्याची आठवणही नको वाटते.

गुरुवारी मी मोरपिशी साडी नेसले. दाभाडेच्या वसाहतीतल्या क्लबहाउसच्या दारात माझा चष्मा धुरकटला, तो पुसून आत गेले तर दाभाडे शाल पांघरून बसला होता. यंदा केस आणखी गेले होते. माइक फिरायला लागला. कुणी म्हणालं, साहेबांनी नोकरी लावून दिली. कुणी म्हणालं, साहेब कधी आवाज चढवत नसत. मग एक तरुण आयटीवाला उठला, दोन वर्षांपूर्वी आलेला, आणि म्हणाला, "सरांचं एक काम फार कमी लोकांना माहितीये. सरांनी आफ्रिकेतल्या गरीब मुलांना रेडिओवरून गणित शिकवलं!" टाळ्या पडल्या. खूप पडल्या. दाभाडेने हात जोडले आणि नम्रपणे डोळे मिटले.

मी उठले. पण माइक माझ्यापर्यंत यायच्या आत मंडळाच्या सचिवांनी सांगितलं, "मंडळी, यल्ला, चला, जेवण गार होतंय, बाकीच्यांनी प्रत्यक्ष भेटून बोलावं." खुर्च्या सरकल्या. सुनीलने माझ्या कोपराला हात लावला. मी तो सोडवून घेतला आणि थेट दाभाडेच्या टेबलाशी गेले. तो पुरीचा तुकडा मोडत होता. शेजारी त्याची बायको.

"दाभाडे साहेब," मी म्हटलं, "त्या रेडिओच्या धड्यांतल्या मोकळ्या जागा तुम्ही कापल्यात. मी नसताना. मुलांच्या उत्तराच्या जागा. आणि मग दोष माझ्यावर आणि ग्रेसवर टाकलात."

तोंडातला घास गिळून त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्या चेहऱ्याची इतकी वर्षं वाट पाहिली होती. त्यावर घाबरणं असेल, खोटं असेल, मग्रुरी असेल, मी सगळ्यांसाठी वाक्यं तयार ठेवली होती.

"जागा?" तो म्हणाला. "कसल्या जागा?"

"रेडिओच्या," मी म्हटलं.

"रेडिओ प्रोजेक्ट ना? हो, हो, छान झालं होतं ते." त्याने कपाळाला आठ्या घालून आठवायचा प्रयत्न केला. अगदी मनापासून केला. "तुम्ही पण होतात का त्यात? ॲडमिनला?"

"अहो, या आपल्या सुनीलच्या मिसेस," त्याची बायको हळूच म्हणाली.

तो खोटं बोलत नव्हता. मास्तरकीत आयुष्य गेलंय, खोटं मला लगेच कळतं. त्याला खरंच आठवत नव्हतं. ग्रेस नाही, मी नाही, ते तळघर नाही, कात्री नाही. इतक्या सप्टेंबरांत मी याच्याशी भांडत होते आणि हा त्या भांडणाला एकदाही आलेलाच नव्हता. त्याला रात्री छान झोप लागत होती. आणि उद्या हा पुण्याला जाऊन बाल्कनीत कुंड्या लावणार होता, अगदी स्वच्छ मनाने. सगळ्यात जास्त राग मला त्या स्वच्छ मनाचा आला.

फोटोसाठी कुणीतरी हाक मारली. "आलोच," म्हणत तो शाल सावरत उठू लागला. मी त्याच्या समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"फोटो थांबेल," मी म्हटलं. "बसा, साहेब. पहिल्यापासून सांगते."